विमान बनवणाऱ्या कंपनीच्या सीईओच्या खुर्चीकडं जाणारी वाट, वाळूजच्या इन्स्पेक्शन रूममधून

लातूर-अंबाजोगाईकडं लेकरू हुशार निघालं की घरात दोनच शब्द घुमतात, नीट नाहीतर जेईई. अलीकडं मात्र भाचे-पुतणे, त्यांचे दोस्त, कधी कधी त्यांचे वडीलच फोन करून तिसरं काही विचारतात. "ताई, विमान बनवणाऱ्या कंपनीचा सीईओ व्हायचं म्हणलं तर कोणती डिग्री घ्यावी?" मी वाळूज एमआयडीसीत विमानाचे सुटे भाग करणाऱ्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघते. सीईओ नाही आणि होणारही नाही. पण आमच्याकडं गिऱ्हाईक कंपन्यांचे ऑडिटर, खरेदीवाले, प्रोग्राम मॅनेजर सतत येत असतात. त्यांतले काही पुढं बरंच वर गेले. काही लई हुशार होते, तरी जिथल्या तिथं राहिले. दोन्ही बघितलंय, म्हणून सांगते.

डिग्रीचं नंतर बघू. आधी हे समजून घ्या की या धंद्यात माणूस वर चढतो म्हणजे त्याची सही कशाकशावर चालते ते वाढत जातं. ट्रेनीची सही कशावरच चालत नाही. इन्स्पेक्टरला स्वतःच्या नंबरचा शिक्का मिळतो, तो एका पार्टपुरता चालतो. क्वालिटी इंजिनिअरची सही पहिल्या नमुन्याच्या रिपोर्टवर. प्रोग्राम मॅनेजरची गिऱ्हाइकाला दिलेल्या तारखेवर आणि किमतीवर. प्लांट हेडची वर्षाच्या बजेटवर. आणि सगळ्यात वर जो बसतो त्याला डीजीसीएच्या, म्हणजे विमानांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमांत नावच आहे, 'अकाउंटेबल मॅनेजर'. विमान दुरुस्त करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेला असा एक माणूस नेमावाच लागतो. नियमाप्रमाणं काम करायला लागणारी माणसं, हत्यारं, पैसा, सगळं पुरवण्याचा अधिकार त्याच्याकडं असतो आणि कमी पडलं तर जाब त्यालाच विचारतात. मोठ्या कंपनीत हे पद नेहमी सीईओकडंच असतं असं नाही, पण खुर्चीचा अर्थ या नियमात जेवढा स्वच्छ कळतो तेवढा लिंक्डइनवरच्या पोस्टमध्ये कळत नाही.

पहिला शिक्का

इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक पोरं हा टप्पा उडवायला बघतात. इंजिनिअर झालो, आता डिझाइनलाच बसणार, शॉप फ्लोअरवर कामून जाऊ? जा बाबा. वर्ष-दोन वर्षं तरी जा.

आमच्याकडं येणारं एक साधं काम सांगते. तळहाताएवढा ब्रॅकेट, ७०७५ ॲल्युमिनियमच्या प्लेटमधून मशीन केलेला. पहिला नग झाला की ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला आणि प्रत्येक टीपेला गोल करून नंबर द्यायचा. याला आम्ही बलूनिंग म्हणतो. मग एकेका बलूनसमोर ड्रॉइंगचं माप, टॉलरन्स, प्रत्यक्षात आलेलं माप आणि ते कशानं मोजलं हे लिहायचं. भोक पिन गेजनं, जाडी मायक्रोमीटरनं, वळणाचं प्रोफाइल सीएमएम या मोजणीच्या मशीनवर. कड मारली का, ती किती मारली, हेही. पुढं प्लेटचा हीट नंबर, म्हणजे ती कोणत्या वितळणीतली, मिलचं सर्टिफिकेट, ॲनोडायझिंग म्हणजे वरचा संरक्षक थर कुणी दिला आणि त्यांच्याकडं त्या प्रोसेसची नॅडकॅप, म्हणजे विमान उद्योगातली खास प्रोसेसची, मान्यता आहे का. हा झाला विमान उद्योगाच्या एएस ९१०२ या स्टँडर्डप्रमाणं फर्स्ट आर्टिकल, म्हणजे पहिल्या नगाचा, रिपोर्ट. शेतकऱ्याच्या घरातल्यांना सांगायचं तर त्या ब्रॅकेटचा सातबारा आणि सगळे फेरफार एकाच ठिकाणी. मधला एक कागद तुटला की चकचकीत, मापात बसलेला माल भंगारात जातो.

हे काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. पण एका कागदावर अख्खी कंपनी दिसते. माल कुठून येतो, कुठं अडकतो, मशीनवाला आणि इन्स्पेक्शनवाला कशावरून भांडतात, बाहेर दिलेल्या प्रोसेसला किती दिवस जातात. डिझाइनच्या एसीत बसून हे दिसत नाही.

जालन्याकडचा एक डिप्लोमा झालेला पोरगा एका कंपनीत इन्स्पेक्शनला होता. एका लॉटच्या राउट कार्डावर, म्हणजे मालासोबत फिरणाऱ्या कार्डावर, हीट ट्रीटमेंटच्या ओळीत शिक्काच नव्हता. डिस्पॅच त्याच दिवशी. सुपरवायझर म्हणाला, मागच्या तारखेचा मार अन् सोड. पोरानं मारला नाही. अडून बसणारे बरेच असतात, हा अडून बसला नाही. त्यानं हीट ट्रीटमेंटवाल्याकडून त्या दिवसाचा भट्टीचा चार्ट मागवला, लॉट नंबर जुळवला, नगांची हार्डनेस आणि कंडक्टिव्हिटी मोजून घेतली, सगळं जोडून गिऱ्हाइकाला सरळ कळवलं की कार्डावर शिक्का राहिलाय, पुरावा हा असा आहे, तुमची मंजुरी द्या. माल आठवडाभर उशिरा गेला. शिव्या खाल्ल्या त्यानं. पण पुढच्या ऑडिटला गिऱ्हाइकाचा माणूस आला तेव्हा त्यानं पहिल्यांदा याचंच नाव विचारलं, आणि पुढं त्याला आपल्याकडं ओढून घेतलं. आज तो बेंगळुरूला प्रोग्राम सांभाळतो. वरच्या माणसाला हेच दोन्ही जमावं लागतं, खोटी सही न करणं आणि माल अडवूनही न ठेवणं.

वरपर्यंत हा कागद किती जातो ते बघा. ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानाचा दरवाजाच्या जागी बसवलेला पॅनल हवेतच निघून गेला. सुदैवानं कुणी दगावलं नाही. तपासात निघालं की तो पॅनल धरणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते. बोइंगच्या रेंटनच्या कारखान्यात शेजारचे रिव्हेट दुरुस्त करायला पॅनल उघडला होता, आणि उघडल्याची नोंदच कुठं नव्हती. नोंद नाही म्हणून परत बसवल्याची तपासणीही नाही. मार्चमध्ये बोइंगचे सीईओ डेव्ह कॅल्हून यांनी वर्षअखेर जाणार असल्याचं जाहीर केलं आणि ऑगस्टमध्ये केली ऑर्टबर्ग आले. शॉप फ्लोअरवरचा एक न लिहिलेला कागद सगळ्यात वरच्या खुर्चीला नडला.

आता डिग्रीचं

खुर्चीवर बसलेल्यांच्या डिग्र्या बघितल्या तर एकसारख्या नाहीत. ऑर्टबर्ग मेकॅनिकलचे. एअरबसचे गियोम फोरी फ्लाइट टेस्ट इंजिनिअर होते, मधे काही वर्षं पूजो या मोटारकंपनीत जाऊन परत आले आणि २०१९ ला सीईओ झाले. लॉकहीड मार्टिनच्या मॅरिलिन ह्यूसन बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन शिकलेल्या. १९८३ ला कंपनीत शिरल्या त्या इंडस्ट्रियल इंजिनिअर म्हणून, आणि २०१३ ला सीईओ. कॅल्हून अकाउंटिंगवाले. आपल्या एचएएलचे, म्हणजे सरकारी विमान कंपनीचे, २०२४ ला सीएमडी (अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक) झालेले डी. के. सुनील इलेक्ट्रॉनिक्सचे. म्हणून एरोस्पेसला नंबर लागला नाही तर रडत बसू नका. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, मेटलर्जी, सगळी दारं उघडी आहेत. मी तर म्हणेन, बारावीनंतर मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्या आणि एमटेकसाठीच्या गेट परीक्षेला एरोस्पेसचा पेपर द्यायचा की नाही ते तिसऱ्या वर्षी ठरवा.

जेईई ॲडव्हान्स्ड जमली तर आयआयटी मुंबई, मद्रास, कानपूर, खरगपूर इथं एरोस्पेस आहे, आणि तिरुवनंतपुरमला अंतराळ विभागाचीच आयआयएसटी. नाही जमली तर सीईटीवरून नांदेडचं एसजीजीएस, संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी. ही कॉलेजं कमी नाहीत. आपल्याकडच्या लोकांना पुण्याचं खासगी कॉलेज भारी वाटतं, फी बघून बहुतेक. इस्रोच्या भरतीत इंजिनिअरच्या पदाला पदवीला ६५ टक्के लागतात, म्हणून पहिल्या वर्षी मजा करायची असली तरी बेतानं करा.

दहावीनंतरच कामाला लागायचं असेल तर चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे. तिथून निघालेलं पोरगं हातानं काम जाणतं, हे आमच्याकडं इंटरव्ह्यूत पाच मिनिटांत कळतं. आयटीआयवाल्यांना एचएएलच्या नाशिक विभागात, म्हणजे ओझरला, अप्रेंटिसच्या जागा निघतात. ओझरचा कारखाना १९६४ पासूनचा. मिगपासून सुखोईपर्यंत विमानं तिथं झाली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तेजस मार्क १ए तिथून उडालं. आयटीआयवरून थेट सीईओ होत नाही. मधे डिग्री घ्यावी लागतेच, ती नोकरी करत घेता येते. रस्ता लांब आहे, बंद नाही.

कॉमर्सच्या लेकरांनी तर पाय मागं घेऊच नये. एचएएलचे फायनान्स डायरेक्टर सी. बी. अनंतकृष्णन यांच्याकडं २०२२ पासून सीएमडी पदाचा अतिरिक्त कार्यभार होता.

एमबीए? लगेच नको. आधी चार-पाच वर्षं काम, मग. मशीन बघितलेलं नाही आणि बोलायला फर्डा, असा एमबीए आमच्याकडं आला की ऑपरेटर लोक त्याचं काय करतात ते लिहिण्यासारखं नाही.

सरकारी वाटेचा उलटा हिशोब

एचएएलसारख्या सरकारी कंपनीत वर जायचं असेल तर वयाचं गणित आधी मांडा. तिथं बोर्डावरच्या जागांसाठी पीईएसबी म्हणजे पब्लिक एंटरप्रायझेस सिलेक्शन बोर्ड मुलाखती घेतं आणि अंतिम मोहोर दिल्लीच्या मंत्रिमंडळ नियुक्ती समितीची असते. निवृत्ती साठीला. पद रिकामं होतं त्या दिवशी तुमची किमान दोन वर्षं नोकरी शिल्लक लागते, बाहेरच्या उमेदवाराची तीन. सुनील १९८७ ला मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून शिरले आणि सीएमडी झाले २०२४ ला. त्यांच्याआधीचे पूर्णवेळ सीएमडी आर. माधवन १९८२ ला शिरले, २०१८ ला सीएमडी. म्हणजे छत्तीस-सदतीस वर्षं. बाविशी-तेविशीत ट्रेनी म्हणून लागलं तरच हे वेळेत बसतं. एमपीएससी-यूपीएससीत पाच वर्षं घालवून मग इकडं बघू, असं म्हणणाऱ्यांनी कागदावर आकडे लिहून बघावेत.

सुनील आधी इंजिनिअरिंग आणि आरअँडडीचे डायरेक्टर होते. सीएमडीच्या आधीची पायरी बहुतेक वेळा अशी कुठल्यातरी एका विभागाचं डायरेक्टरपद असते, आणि तिथं पोचायला एखादा डिव्हिजन चालवलेला असला तर चांगलंच. म्हणून डिव्हिजन देत असतील तर गाव बघू नका. ओडिशातलं कोरापुट मिळालं, तर कोरापुट.

खासगीत पैसा कळला पाहिजे

खासगी कंपनीत खरी चाळण लागते ती प्रोग्राम मॅनेजरच्या पुढं. तोवर तांत्रिक हुशारीवर गाडी निघते. पुढं नफ्या-तोट्याचा अख्खा हिशोब तुमच्या नावावर येतो आणि तिथं भलेभले अडखळतात.

आमच्या धंद्यातला पैसा कसा फिरतो ते थोडक्यात सांगते. गिऱ्हाईक कोटेशन मागतं. त्यात कित्येक वर्षांचा भाव बांधून द्यावा लागतो, आणि बहुतेक करारांत दर वर्षी भाव थोडा खाली आणण्याची अट असते. मग नमुना, फर्स्ट आर्टिकल, त्यांची मंजुरी. प्लेट परदेशी मिलची, डॉलरमध्ये, महिनोनमहिने आधी सांगून ठेवायची. माल गेल्यावर पैसे दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे आज अडकवलेला रुपया परत दिसायला वर्ष जातं. यात रुपया घसरला, एक मशीन बसलं, एक लॉट रिजेक्ट झाला, की नफा गेला. हे सगळं ज्याला डोक्यात धरून गिऱ्हाइकाला तारीख देता येते तो पुढं जातो. नुसता इंजिनिअर 'माल उत्तम आहे' म्हणत बसतो, नुसता फायनान्सवाला 'खर्च कापा' म्हणत बसतो.

म्हणून तिशीच्या आसपास तुम्ही चांगले तांत्रिक मॅनेजर झाला असाल तर मुद्दाम एक नावडतं काम मागून घ्या. सप्लाय चेन, कोटेशन, नाहीतर बुडीत निघालेला एखादा प्रोग्राम. बुडीत प्रोग्राम तर नक्की घ्या. तिथं कुणी स्पर्धेला नसतं आणि सुधारला तर वरच्यांना नाव पाठ होतं.

बाहेरून आणलेला माणूस थेट वर बसतो, असंही होतं. रोल्स-रॉइसला २०२३ ला आलेले तुफान एर्गिनबिल्गिच तेलाच्या धंद्यातले, बीपीचे. जीईचे लॅरी कल्प डॅनाहर कंपनीतून आलेले. पण दोघांनीही आधी दुसरीकडं मोठे धंदे चालवलेले होते. म्हणून बाहेरून येणं ही सोपी वाट समजू नका. आणि आतल्याला खुर्ची टिकेलच असंही नाही. डेनिस म्युलेनबर्ग १९८५ ला बोइंगमध्ये इंटर्न म्हणून शिरले, २०१५ ला सीईओ झाले, आणि मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेल्यावर २०१९ च्या डिसेंबरात त्यांना जावं लागलं.

स्वतःची कंपनी काढायची असेल तर

आणखी एक वाट म्हणजे खुर्चीची वाट न बघता स्वतःच खुर्ची बनवणं. २०२० नंतर सरकारनं अंतराळ क्षेत्र खासगी कंपन्यांना मोकळं केलं, या कंपन्यांना परवानगी देणारी इन-स्पेस ही संस्था आली, २०२३ ला धोरण आलं. हैदराबादच्या स्कायरूटचे पवनकुमार चंदना आणि नागा भरत डाका हे दोघंही आधी इस्रोत होते. २०१८ ला बाहेर पडून कंपनी काढली आणि १८ नोव्हेंबर २०२२ ला श्रीहरिकोट्याहून विक्रम-एस हे रॉकेट उडवलं. चेन्नईच्या अग्निकुलनं आयआयटी मद्रासच्या आधारानं ३० मे २०२४ ला आपलं रॉकेट उडवलं. आणि मोठं शहरच लागतं असंही नाही. अरविंद मेळ्ळिगेरींनी बेळगावजवळ हत्तरगीला एक्वसचा विमानाच्या भागांचा कारखाना उभा केला. बेळगाव जमतं तर संभाजीनगरचं शेंद्रा-बिडकीन का जमू नये, असं मला रोज वाटतं. आपल्याकडं मशीनं आहेत, मोटारीच्या कामावर तयार झालेले ऑपरेटर आहेत. कमी पडतं ते विमानाच्या कामाचा कागद सांभाळणारं मधलं माणूस आणि जवळपास नॅडकॅपवाली प्रोसेसिंगची सोय.

सांगायचं राहिलं, एचएएल म्हणजे आधीची हिंदुस्तान एअरक्राफ्ट. ती १९४० ला बेंगळुरूत काढली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. ते रेल्वेचे ठेकेदार, खंडाळ्याच्या घाटात बोगदे खोदलेले. विमानाची डिग्री वगैरे काही नव्हती.

स्टार्टअपमध्ये मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्या सह्या तुमच्याच. पगाराच्या, कर्जाच्या, चाचणीच्या. ज्यानं आधी कुठं तरी नोकरीत शिक्का सांभाळलेला नाही त्यानं या फंदात लगेच पडू नये असं माझं मत. पोरं ऐकत नाहीत, ते वेगळं.

मुलींच्या आयांसाठी

मला येणाऱ्या फोनमधले निम्मे आईचे असतात आणि त्यांना एकच विचारायचं असतं, शिफ्टमध्ये पोरीला ठेवतात का. ठेवतात. रात्रीच्या शिफ्टला गाडीची आणि सुरक्षेची सोय कंपनीनं करायची असते, ती आधी बघून घ्या. ह्यूसन लॉकहीडच्या सीईओ झाल्या, स्पेसएक्सच्या अध्यक्ष ग्विन शॉटवेल मेकॅनिकलच्या आहेत, २००२ ला बिझनेस डेव्हलपमेंट सांभाळायला शिरल्या. अडचण नोकरी मिळण्यात नसते. तिशीत, लेकरं लहान असताना बदली आली की घरातले म्हणतात, राहू दे ना, इथंच बरं चाललंय. त्याच वेळी प्रोग्राम हातातून जातो आणि तो शेजारच्या टेबलावरच्या पोराला मिळतो. लग्न ठरवताना पगाराइतकंच हेही बोलून घ्या, पोरगी बेंगळुरूला गेली तर चालेल का, आणि जावई नाशिकला येईल का.

पहिली नोकरी निवडताना

ऑफर हातात आली की पॅकेजच्या आधी चार गोष्टी विचारा. कंपनीला एएस ९१००, म्हणजे विमान उद्योगाचं क्वालिटी सर्टिफिकेट, आहे का, आणि कधीपासून. ट्रेनीला शिक्का किती दिवसांनी मिळतो. फर्स्ट आर्टिकलवर सही इथल्या माणसाची असते की गिऱ्हाईक स्वतःचा माणूस पाठवतं. गेल्या वर्षी शॉपमधून प्रोग्राम किंवा खरेदीत किती जण गेले. उत्तर देताना एचआरवाला अडखळला तर त्याला म्हणा, एकदा क्वालिटीच्या माणसाशी बोलायचंय. चांगली कंपनी बोलू देते. बाँड असेल तर रक्कम आणि वर्षं ऑफर लेटरमध्येच लिहून मागा, तोंडी नको. आणि इंग्रजीची भीती असेल तर रोज एक नॉनकन्फॉर्मन्स, म्हणजे मालातल्या चुकीचा, रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा सराव करा. काय झालं, किती नगांत झालं, कशामुळं झालं, आता काय केलं, अशी चार-पाच वाक्यं. सहा महिन्यांत गिऱ्हाइकाच्या माणसाशी फोनवर बोलता येतं, त्याला कोचिंग क्लास लागत नाही.